पट्टी कोरडी आहे

रविवारी दहाच्या आत बिडकीनहून दिराची गाडी दारात येणार हे सारजाबाईला ठाऊक होतं. पण त्याआधी आपल्याच घराच्या उंबऱ्यात आपली सून प्लास्टिकचं स्टूल मांडून, त्यावर हात धुवायची बाटली आणि मास्कचं खोकं ठेवून पहारा देईल, हे काही तिला ठाऊक नव्हतं.

"हे काय मांडलंस गं? सत्यनारायण?"

"आत्या, एका वेळी एकच माणूस आत जाईल. पाच मिनिटं. मामांच्या पलंगावर बसायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही."

"अन् पाया पडायचं?"

"लांबूनच."

"लांबून पाया पडायला हे काय डोंगरावरचा देव हायेत? नानासाहेब थोरल्या भावाला भेटायला येणार अन् दारातनं हात हालवून जाणार, एस्टीत बसवून दिल्यागत?"

तनुजानं उत्तर दिलं नाही. तिची हीच खोड सारजाबाईला सगळ्यात जास्त झोंबायची. भांडणारी सून पेलता येते. ही आपली, आपलंच बरोबर असल्यासारखी गप्प राहायची, आणि वर खरंच बरोबर असायची.

सारजाबाईच्या नवऱ्याच्या, आप्पासाहेबांच्या, मणक्याचं ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले होते. प्रोस्टेटचा कॅन्सर पाठीत उतरला, रेडिएशनचे दहा शेक दिले, तरी पाय लुळे पडायला लागले, म्हणून सहा तास पाठ उघडून आत सळया आणि स्क्रू बसवले. घरी सोडताना डॉक्टरांनी सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं होतं. कॅन्सरच्या माणसाच्या अंगात जखम भरायचं बळ कमी. शेक दिलेली कातडी जुनेरासारखी विरलेली. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर चढलेली. जंतूंना आणखी काय पाहिजे? आणि ते एकदा आतल्या स्क्रूला चिकटले, की औषधानं सहजी सुटत नाहीत. पट्टी ओली झाली, जखमेतून पाणी आलं, थंडी वाजून ताप आला, तर घरी तासभरसुद्धा थांबायचं नाही. जखम नीट भरली तरच वीस तारखेला पुढचं औषध सुरू होणार, आणि त्या औषधावरच सगळी भिस्त.

हे सगळं सांगताना डॉक्टर तनुजाकडं बघत होते. सारजाबाई तिच्या शेजारीच उभी होती, डोईवर पदर घेऊन, चांगली ठळक. तरी डॉक्टरांची नजर तिच्यावरून घसरली, भिंतीवरून घसरावी तशी. फाईल तनुजाच्या हातात. गोळ्यांचा डबा तनुजाकडं. आणि पुंडलिकनगरच्या घरी आल्यावर पहिल्या सकाळी आप्पासाहेबांनी डोळे उघडले ते "तनुजा उठली का?" म्हणत.

एकोणपन्नास वर्षं त्या माणसाच्या ताटात मीठ कुठं वाढायचं ते सारजाबाईला ठाऊक, आणि आता त्याला पाणी पाजायचं तर सुनेला विचारायचं!

म्हणून मंगळवारचं ते झालं. मुलगा इंद्रजीत कंपनीत, तनुजा शाळेत शिकवायला, नात सायली कॉलेजात. आप्पासाहेब पडल्या पडल्या म्हणाले, "सारजे, अंगाला वास यायलाय गं. माझाच मला. रविवारी नाना येणार, माणसांत कसं बसू?"

"तनुजा ओल्या फडक्यानं पुसती की."

"पुसून व्हतंय का? अंघोळ घाल. तूच घालू शकतीस."

तूच. एवढ्या एका शब्दावर बाई पाघळली. किराण्याच्या पिशव्या उभ्या फाडून तिनं त्यांच्या पाठीला गुंडाळल्या, कडा चिकटपट्टीनं बंद केल्या, बाथरूममध्ये खुर्ची ठेवून कोमट पाणी घातलं, पाय चोळले, कानामागं साबण लावला. अंघोळ झाल्यावर बघते तर पिशवीत वरून पाणी शिरून पट्टी ओलीचिंब. मग सायलीचं केस वाळवायचं मशीन आणून तिनं पट्टीवर गरम वारा सोडला.

"हळद लावून बसवतीस का आता बोहल्यावर?" आप्पासाहेब हसून म्हणाले होते. किती दिवसांनी हसले होते.

बुधवारी दवाखान्यातली सिस्टर पट्टी बदलायला आली. "ओलसर वाटते आजी," म्हणाली. "घाम येतो ह्यांना," सारजाबाई म्हणाली. सिस्टरनं नवी पट्टी लावली, रविवारी संध्याकाळी परत येते म्हणून गेली.

आणि गुरुवारी पहाटे बनियन बदलताना मागच्या बाजूला बोराएवढा पिवळा डाग दिसला.

ती हाक मारायला वळली तोच आप्पासाहेबांनी तिचं मनगट धरलं. "तनुजाला सांगू नको. ती लगेच उचलून नेईल दवाखान्यात. सुया टोचून टोचून हाताची चाळण झाली माझ्या. हे तुझ्यात नि माझ्यात."

उभ्या जन्मात त्यांनी तिला कधी काही गुपित सांगितलं नव्हतं. विहिरीची जागा ठरवली ती नानासाहेबांबरोबर. पोराचं लग्न जमवलं ते ओट्यावर बसून बाप्या माणसांत. कॅन्सर झाल्याचंसुद्धा तिला आठ दिवसांनी कळलं, तनुजाला आधी. आणि आता मनगट धरून म्हणत होते, तुझ्यात नि माझ्यात. सारजाबाईनं ते बनियन पदराखाली घेतलं आणि मागच्या नळावर स्वतः धुतलं.

गुरुवार ते शनिवार तनुजाला परीक्षेचं काम होतं. सकाळी सातला जायची, दुपारी फोन करायची. "आत्या, पट्टी बघितली का?"

"बघितली. कोरडी ठणठणीत."

संध्याकाळी येऊन तिनं बघायला घ्यावं, तर आप्पासाहेब म्हणायचे, "आत्ताच कंबरेचा पट्टा बांधलाय, नको सोडूस. हिनं बघितलंय." तनुजा थकलेली असायची, ऐकायची. आणि सारजाबाईच्या काळजात काहीतरी गोड गोड व्हायचं. तीन दिवस ती घरात पुन्हा मालकिणीसारखी चालत होती.

दहाला पाच कमी असताना गाडी आली. नानासाहेब पुढं आणि मागं त्यांची बायको रत्नमाला, हातात शहाळ्यांची पिशवी, अंगावर ठेवणीतलं लुगडं. रत्नमाला ही सारजाबाईची धाकटी जाऊ. दोघींचं तीस वर्षं एका वाक्यावर एकमत झालं नव्हतं. पण उंबऱ्यातलं स्टूल बघून रत्नमाला थबकली आणि तिनं थेट सारजाबाईच्या डोळ्यांत बघितलं.

"अक्का, तुमच्या घरात शिरायला आता पास काढावा लागतोय व्हय?"

"काय सांगू बाई. आमच्याकडं राज्य बदललंय."

"काकू, हात धुवून घ्या," तनुजा म्हणाली. "आणि घरात कोणाला सर्दी-खोकला नाही ना?"

"नाक तेवढं घेऊन आलेय मी. सर्दी घरी ठिवली."

सारजाबाई खळखळून हसली. जावेच्या विनोदाला ती कधी हसली असेल तर ती हीच वेळ. तनुजाचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला बघून बरंही वाटलं आणि मग उगाच कसंसंही वाटलं.

"तनुजा, जाऊ दे ना," इंद्रजीत आतून म्हणाला. हा सारजाबाईचा थोरला. बायको आणि आई यांच्यामध्ये तो कायम पाव्हण्यासारखा उभा असायचा. "घरचीच माणसं आहेत."

"घरची असोत नाहीतर बाहेरची. मला हौस नाही दारात उभं राहायची."

"हौस नाय कशी?" सारजाबाई बोलून गेली. "चार लोकांनी म्हणलं ना, सुनंनं सासऱ्याला उभं केलं. तेवढ्याचसाठी चाललंय सगळं."

तनुजानं बाटलीचं झाकण दोनदा लावलं, दोनदा काढलं. "आत्या, मला सांगा, मी नेमकं काय घेतलंय तुमचं?"

माणूस घेतलास माझा, असं सुनेला म्हणता येतं का? सारजाबाई चहा टाकायला आत गेली.

नानासाहेब जाऊन आले. मग मास्क हनुवटीला लटकवून रत्नमाला गेली. पाच मिनिटांची दहा झाली. बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

"अक्का, आप्पा कापायलेत. दात वाजायलेत त्यांचे. पंखा बंद कर म्हणले. मी दोन गोधड्या घातल्या, तरी थंडी जाईना."

सारजाबाईच्या हातातली गाळणी कपातच राहिली.

खोलीत सगळेच शिरले, आता एकेकट्यानं जायचं कोणाला सुचलं नाही. आप्पासाहेबांचं सगळं अंग गोधडीखाली हालत होतं. तनुजानं काखेत थर्मामीटर लावलं. एकशे दोन.

"रात्री खिडकीपाशी बसून होते का?" नानासाहेब म्हणाले. "वारं लागलं असंल. सुंठेचा काढा द्या."

"आज रविवार," इंद्रजीत म्हणाला. "मोठे डॉक्टर नसतात. उद्या सकाळी पहिला नंबर लावू."

तनुजा थर्मामीटरकडं बघत होती. तिच्या डोळ्यांपुढं दवाखान्यानं दिलेला, कधी धावत यायचं ते लिहिलेला कागद असणार, सारजाबाईला न वाचता येणारा. मग ती हळूच वळली. "आत्या, काल पट्टी कोरडी होती ना? आज सकाळी?"

सगळ्यांनी सारजाबाईकडं बघितलं. गोधडीतून आप्पासाहेबांनीही बघितलं. थंडीनं जबडा हालत होता, पण डोळे स्थिर होते, आणि ते डोळे तिला विनवत होते.

"थंडी-ताप आला की निघायचंच आहे खरं, पण पट्टी कोरडी असेल तर मग कदाचित साधा व्हायरल असेल," तनुजा स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "तापाची गोळी देऊन संध्याकाळपर्यंत बघता येईल. सिस्टर येणारच आहे. आत्या?"

म्हणजे सगळं तिच्या एका शब्दावर आलं होतं. कोरडी म्हटलं की जावेपुढं मान राहत होती, नवऱ्याला दिलेला शब्द राहत होता, सूनही काही बोलू शकत नव्हती. फक्त संध्याकाळ व्हायची होती. सारजाबाईनं आप्पासाहेबांच्या पायांकडं बघितलं. मंगळवारी चोळलेले तेच पाय, अंगठे आतल्या आत वळलेले.

"कोरडी नव्हती," ती म्हणाली.

"सारजे," आप्पासाहेब दात आवळून म्हणाले.

"गप बसा तुम्ही. कोरडी नव्हती. गुरुवारी पहाटे बोराएवढा डाग होता. शुक्रवारी लिंबाएवढा. काल तळहाताएवढा, अन् वास होता त्याला. आजचं बनियन मागं बादलीत हाय, अजून धुतलं नाय. अन् मंगळवारी अंघोळ घातली मी ह्यांना. पिशवी गुंडाळून."

स्वयंपाकघरातून गॅसवर राहिलेल्या चहाचा करपट वास आला.

"आई!" इंद्रजीत ओरडला. तो आईवर कधी ओरडत नसे, म्हणून त्याचा आवाज चिरकला. "चार दिवस? फोनवर तू..."

"तरी मी म्हणतच व्हते, घरात काहीतरी लपवालपवी चाललीय," रत्नमाला म्हणाली. ती काहीच म्हणत नव्हती. मघाचं सगळं गूळपीठ पुसून ती तनुजाच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. "अक्का, मी असते तर पैल्या दिवशी सांगितलं असतं बाई. माणसापरीस मोठं असतंय का काही?"

सारजाबाईच्या जिभेवर जावेसाठी चार शब्द तयार होते, नेमके आणि झणझणीत. ते तिनं गिळले. जन्मात पहिल्यांदा.

तनुजानं मात्र पट्टा सोडला, सदरा वर केला, पट्टीच्या कडेला लाल झालेली कातडी बघितली आणि सदरा खाली केला. "इंद्रजीत, गाडी काढ," म्हणाली. "काका, मागून धरा. पाठ वळू देऊ नका."

दवाखान्यात इमर्जन्सीला तरणा डॉक्टर होता. त्यानं पट्टी काढून शिवणीच्या कडेला हलकेच दाबलं आणि जे बाहेर आलं ते बघून लगेच फोन लावला. अर्ध्या तासात ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर साध्या शर्टात आले.

"पाणी केव्हापासून येतंय?"

तनुजानं सारजाबाईकडं बघितलं. पहिल्यांदाच डॉक्टरांनीही.

सारजाबाईनं सांगितलं. बोर, लिंबू, तळहात. बनियनचा रंग. वास कधी सुरू झाला. हातचं काही राखलं नाही. शेवटी पदर सावरून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, अंघोळ मी घातली. त्यानंच झालंय. माझ्या हातनं झालंय."

"आजी, अंघोळीनंच झालं असं मी म्हणू शकत नाही. पट्टी भिजवायला नको होती, हे खरं. पण कॅन्सर, वर शेक दिलेले, वर साखर. अशा पेशंटला सगळं नीट करूनही जंतुसंसर्ग होतो. आम्ही सगळी काळजी घेतो, तरी होतो." ते थांबले. "पण हे तीन-चार दिवस आपल्या हातातले होते. गुरुवारी आला असतात तर कदाचित वरच्यावर निभावलं असतं. आता परत उघडून धुवावं लागेल. स्क्रू ठेवायचे की काढायचे ते आत बघून ठरेल. आणि वीस तारखेचं औषध आता विसरा. जखम भरेपर्यंत कॅन्सरला मोकळं रान."

ते सही घ्यायला इंद्रजीतला घेऊन गेले. सारजाबाई तिथल्या लोखंडी बाकावर बसली. डॉक्टरांनी अंघोळीवर खापर फोडलं असतं तर तिला हलकं वाटलं असतं. अंघोळ तिनं मायेनं घातली होती, चारचौघांत सांगता आली असती. ते चार दिवस कशापायी घालवले ते कोणाला सांगणार? नवऱ्याच्या पाठीत पू साचत होता आणि ती सुनेवर कुरघोडी केल्याच्या खुशीत होती!

स्ट्रेचर बाहेर आलं. आत न्यायच्या आधी एकानं दोन मिनिटं भेटा, असं सिस्टर म्हणाली. सारजाबाई उठली. हा मान कोणाचा हे काय विचारायचं? पण आप्पासाहेबांनी तिला बघून तोंड भिंतीकडं फिरवलं.

"तनुजाला बोलवा," ते म्हणाले.

सिस्टर, स्ट्रेचर ढकलणारा माणूस, बाकावरची परकी माणसं, सगळ्यांसमोर. सारजाबाई उभीच राहिली. मग तिनं सुनेला खुणेनं जवळ बोलावलं आणि स्वतः दोन पावलं मागं सरली. आप्पासाहेब तनुजाच्या कानाशी काहीतरी बोलले. तनुजानं मान हालवली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला. दार उघडलं आणि ते आत गेले. तनुजा मात्र बाकाकडं न येता तरातरा त्या तरण्या डॉक्टरकडं गेली, काहीतरी सांगितलं, आणि मग येऊन बसली. मध्ये एक जागा मोकळी सोडून.



"शिव्या दे," सारजाबाई म्हणाली. "मनात ठिवू नको."

"शिव्या नंतर देईन." तनुजानं पर्स मधल्या जागेवर ठेवली. "आधी एक सांगा. मामांनी मला का नाही सांगितलं? मी त्यांचं सगळं अंथरुणातलं केलं, पोटाला सोसत नाही म्हणून वेगळं शिजवलं. मला का नाही, तुम्हालाच का?"

सारजाबाईनं मान वळवली. सुनेचा चेहरा लाल झाला होता, खालचा ओठ दातात. हा चेहरा तिनं रोज आरशात बघितला होता, त्यामुळं लगेच ओळखला. ही पोरगी जळत होती. सारजाबाईवर! मनात ती जुनी गोडी पुन्हा हलली, आणि तिची तिलाच शिसारी आली.

"तू दवाखान्यात नेली असतीस म्हणून नाय सांगितलं," ती म्हणाली. "मी नेणार नाय हे त्यांना ठाऊक. त्यात माझा काय मोठेपणा आला?"

तनुजानं डोळे पुसले.

"आता काय म्हणले तुला?" हे विचारायचं नाही असं ठरवूनही तिनं विचारलं.

"तुम्हाला सांगू नको म्हणाले."

"मग नको सांगू."

"पायाला परत मुंग्या येतायत म्हणाले. शुक्रवारपासून. डाव्या पायाला जास्त. ऑपरेशन मोठं करतील म्हणून डॉक्टरलाही सांगू नको म्हणाले." तनुजानं नाक ओढलं. "मी आधी डॉक्टरला सांगितलं. आता तुम्हाला सांगते."

सारजाबाई त्या बंद दाराकडं बघत राहिली. म्हणजे एकीला एक गुपित, दुसरीला दुसरं. प्रत्येकीला वाटावं, आपल्यालाच. आणि दोघी त्याच्यावर फुगून एकमेकींवर डोळे काढत होत्या.

"लबाड हाय माणूस," ती म्हणाली.

"आत्या!"

"मग काय तर. फाईल काढ तुझी. पेन हाय का? लिही. रात्रीची ती मोठी पांढरी गोळी हे गिळत नायत. गालात धरत्यात. तू गेलीस की रुमालात थुंकत्यात. धुवायला घेतलेल्या रुमालात मला तीन घावल्या."

तनुजाचं पेन थांबलं. "ती जखमेची गोळी होती, आत्या. अँटिबायोटिक." मग ओठ घट्ट मिटून तिनं लिहून घेतलं. "हे मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिला किती लागलं ते स्पष्ट दिसत होतं.

सारजाबाईनं मधल्या मोकळ्या जागेवरची तिची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि तिथं सरकली. पदरानं तोंड पुसलं आणि सुनेकडं वळली.

"मुंग्यांचं मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "आणखी काय काय नव्हतं ते सांग."